‘यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड’ कुठे लिहावं, कुठे लिहू नये

खारघरमधल्या बेलपाड्यात जुनं गाव आणि सिडकोच्या सेक्टरांमधल्या इमारती अंगाला अंग लावून उभ्या आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ला नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका सुरू झाली आणि बेलपाडा हे नाव स्थानकाच्या पाटीवर गेलं. अशा वस्तीत एकाच जिन्यात मराठी, मल्याळी, पंजाबी, तमिळ घरं असतात. त्यामुळे सोसायटीची सूचना, गणेशोत्सवाची पत्रिका, रक्तदान शिबिराचं आवाहन इंग्रजीत लिहायची वेळ सारखी येते. हे काम सचिवाच्या गळ्यात पडतं, नाहीतर कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या. मग आधीच्या वर्षीचा कागद काढला जातो, तारीख बदलली जाते आणि वर तेच वाक्य राहतं : ‘यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड टू पार्टिसिपेट इन...’

वाक्य चांगलं आहे. नम्र आहे, त्यात आपुलकी आहे आणि नीट लिहिलं तर व्याकरणातही चोख बसतं. पण ते सगळीकडे चालत नाही. हळदीकुंकवाला चालतं ते वार्षिक सभेला चालत नाही, आणि सभेला चालतं ते हॉस्पिटलच्या संमतिपत्राला चालत नाही. म्हणून लेखणी हातात घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : ज्याला आपण बोलावतोय, तो सहज ‘नको’ म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर ‘इन्व्हाइट’. त्याचा तिथे येण्याचा हक्कच असेल तर निमंत्रण देणारे आपण कोण? तिथे फक्त कळवायचं. आणि गरज आपली असेल, रक्त हवं असेल, वर्गणी हवी असेल, वेळ हवा असेल, तर ‘रिक्वेस्ट’, म्हणजे विनंती. इंग्रजी व्याकरणाच्या निम्म्या चुका या प्रश्नाचं उत्तर आधी न ठरवल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे.

आता एक मसुदा जवळून पाहू. लिफ्टशेजारच्या फळ्यावर असा कागद नेहमी दिसतो :

‘ऑल मेंबर्स आर कॉर्डियल इन्व्हायटेड फॉर पार्टिसिपेट रांगोळी कॉम्पिटिशन. काइंडली प्लीज अटेंड टू द प्रोग्राम विथ फॅमिली.’

लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय ते कळतं, आणि त्याची कळकळही दिसते. चुका ठरावीक आहेत, एकदा समजल्या की पुन्हा होत नाहीत.

‘कॉर्डियल’ हे विशेषण आहे. इथे बोलावणं कसं, मनापासून, हे सांगायचंय, म्हणून ‘कॉर्डियली’ हवं. त्याची जागा ‘आर’ आणि ‘इन्व्हायटेड’च्या मध्ये : ‘आर कॉर्डियली इन्व्हायटेड’. बोलावणाऱ्याचं नाव पुढे आणायचं असेल तर ‘वी कॉर्डियली इन्व्हाइट यू’. ‘वी आर कॉर्डियली इन्व्हायटिंग यू’ असं लिहू नका. औपचारिक पत्रात साधा वर्तमानकाळच शोभतो.

‘इन्व्हायटेड’नंतर क्रियापद आलं की मध्ये ‘टू’ : टू पार्टिसिपेट, टू अटेंड, टू जॉइन. समारंभाचं नाव आलं तरी ‘टू’च : ‘इन्व्हायटेड टू द वेडिंग’. ‘फॉर’ चालतं ते जेवणाला, चहाला आणि मुलाखतीला : ‘इन्व्हायटेड फॉर लंच’, ‘इन्व्हायटेड फॉर अ‍ॅन इंटरव्ह्यू’. मराठीत ‘स्पर्धेसाठी’ म्हणतो म्हणून हात आपोआप ‘फॉर’कडे जातो. तिथे थांबायचं.

‘पार्टिसिपेट’ एकटं उभं राहत नाही, त्याला ‘इन’ लागतं : ‘पार्टिसिपेट इन द कॉम्पिटिशन’. ‘अटेंड’चं उलट आहे, त्याला काहीच लागत नाही : ‘अटेंड द मीटिंग’. ‘अटेंड टू’ लिहिलं की अर्थच बदलतो. एखाद्या कामात लक्ष घालणं किंवा रुग्णाची देखभाल करणं, असा त्याचा अर्थ होतो. ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ या दोघांपैकी एकच ठेवा.

सगळ्यात मोठी चूक मात्र व्याकरणाची नाही. ती ‘मेंबर्स’ या शब्दात आहे. सोसायटीचा सभासद म्हणजे ज्याच्या नावावर भागपत्र आहे तो. भाड्याने राहणारं कुटुंब सभासद नसतं. रांगोळीच्या कागदावर ‘ऑल मेंबर्स’ लिहिलं की भाडेकरूंच्या घरातली लेकरं न सांगता वगळली गेली. आपण तसं मनात आणलेलं नसतं, पण कागद वाचणाऱ्याला मन दिसत नाही, शब्द दिसतो. सणासुदीला, स्पर्धेला, सहलीला ‘रेसिडेंट्स’ लिहा. ‘मेंबर्स’ हा शब्द सभेच्या नोटिशीसाठी राखून ठेवा.

आणखी एक गोष्ट. रांगोळी काढणारे वेगळे आणि बघायला येणारे वेगळे. ‘पार्टिसिपेट’ फक्त पहिल्यांना लागू पडतं. ज्यांना नुसतं यायचंय, त्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही, आणि हॉल रिकामा राहतो. म्हणून दोन वाक्यं करावीत. सुधारलेला कागद असा होईल :

‘ऑल रेसिडेंट्स आर कॉर्डियली इन्व्हायटेड टू पार्टिसिपेट इन द रांगोळी कॉम्पिटिशन ऑन संडे, फ्रॉम फोर पी.एम., इन द सोसायटी हॉल. प्लीज गिव्ह युवर नेम अ‍ॅट द ऑफिस बाय फ्रायडे. फॅमिली अँड फ्रेंड्स आर वेलकम टू कम अँड सी द रांगोळीज फ्रॉम सिक्स पी.एम.’

तारीख, वेळ, जागा, नाव कुठे द्यायचं आणि कधीपर्यंत, हे पाच तपशील नसतील तर बाकी कितीही सुंदर लिहिलं तरी ते बोलावणं अर्धंच. शेवटच्या तारखेला ‘बाय फ्रायडे’ किंवा ‘ऑन ऑर बिफोर फ्रायडे’. ‘टिल फ्रायडे’ लिहिलं तर काम शुक्रवारपर्यंत चालू राहणार, असा अर्थ होतो.

पत्रिका लिहिताना आपल्याला ‘उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ हे वाक्य सुचतं आणि त्याचं शब्दशः इंग्रजी करायचा मोह होतो. तो टाळा. या भावनेसाठी इंग्रजीत ‘ग्रेस द ऑकेजन’ ठरलेलं आहे, पण ते प्रमुख पाहुण्यांसाठी : ‘वी शल बी ऑनर्ड इफ यू वुड ग्रेस द ऑकेजन अ‍ॅज अवर चीफ गेस्ट.’ शेजाऱ्याला तेच लिहिलं तर अवघडल्यासारखं होतं. त्याच्यासाठी ‘प्लीज जॉइन अस विथ युवर फॅमिली’ पुरेसं आहे. सहकुटुंब सहपरिवारातला सगळा जिव्हाळा त्यात येतो.

लग्नपत्रिकेत तळाला ‘आर.एस.व्ही.पी.’ छापून खाली काका, मामा, आत्यांची नावं देण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. ही फ्रेंच अक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ ‘कृपया उत्तर कळवा’ एवढाच. तेव्हा खाली फोन नंबर किंवा पत्ता द्यावा, जिथे उत्तर कळवता येईल. नातेवाइकांची नावं ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’ या मथळ्याखाली घ्यावीत.

माणसांऐवजी वस्तू मागवायच्या असतील, म्हणजे प्रवेशिका, अर्ज, निविदा, लेख, तर वाक्य फिरतं : ‘एंट्रीज आर इन्व्हायटेड फ्रॉम रेसिडेंट्स फॉर द एसे कॉम्पिटिशन.’ ज्यांच्याकडून हव्यात त्यांच्यामागे ‘फ्रॉम’, ज्यासाठी हव्यात त्यामागे ‘फॉर’. इथे ‘कॉर्डियली’ लिहू नये. कागदांना प्रेमाने बोलवत नाहीत.

आता वार्षिक सर्वसाधारण सभा. या नोटिशीवर ‘कॉर्डियली इन्व्हायटेड’ पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. सभासदाला सभेला बोलावणं हा कमिटीचा उपकार नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावीच लागते. तिथे हिशेब मांडावे लागतात आणि सभासदाला प्रश्न विचारता येतो. ‘इन्व्हायटेड’ म्हटलं की कमिटी यजमान होते आणि सभासद पाहुणा. पाहुणा ताटात वाढलेल्या पदार्थाबद्दल तक्रार करत नाही. हिशेबाच्या सभेत नेमकी ती मुभा हवी असते.

तिथे वाक्य असं : ‘नोटिस इज हियरबाय गिव्हन दॅट द अ‍ॅन्युअल जनरल बॉडी मीटिंग ऑफ द सोसायटी विल बी हेल्ड ऑन...’ आणि मग तारीख, वेळ, जागा. पुढे ‘टू ट्रान्झॅक्ट द फॉलोइंग बिझनेस’ आणि त्याखाली विषयपत्रिका. शेवटी ‘ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू अटेंड.’ ‘हियरबाय’ हा शब्द एरवी कुठे वापरू नका, पण इथे तो हवाच, कारण हा कागद म्हणजेच नोटीस. नोटिशीची मुदतही मोजून घ्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार या सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरत नाहीत. सभा २८ सप्टेंबरला असेल तर कागद १३ तारखेपर्यंत सभासदांच्या हातात पडायला हवा, म्हणजे १४ ते २७ हे १४ दिवस मोकळे मिळतात. एकाच दिवसाच्या फरकावरून सभेतले ठराव वादात सापडू शकतात. तेव्हा इथे इंग्रजीपेक्षा कॅलेंडर जपा.

बेलपाड्यासारख्या गावाला ‘इन्व्हाइट’ हा शब्द आणखी एका कागदावर भेटतो, आणि त्याला वजन आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१६ला पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. या सगळ्या प्रवासात इथल्या घरांनी जाहीर सूचना खूप वाचल्या आहेत. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना निघते आणि तिच्यात एक महिन्याच्या आत ‘ऑब्जेक्शन्स अँड सजेशन्स आर इन्व्हायटेड’. हे सौजन्याचं बोलावणं नव्हे. यातून एक मुदत सुरू होते आणि ती टळली की हात चोळत बसावं लागतं.

अशा सूचनेला उत्तर द्यायचं तर सूचना क्रमांक आणि तारीख पहिल्याच ओळीत लिहा, मग सर्व्हे नंबर किंवा भूखंड क्रमांक, मग आपलं म्हणणं. इंग्रजीत लिहिणार असाल तर ‘आय ऑब्जेक्ट टू द प्रपोज्ड मॉडिफिकेशन बिकॉज...’. ‘ऑब्जेक्ट’नंतर ‘टू’, ‘फॉर’ नाही. शेवटी ‘आय रिक्वेस्ट अ पर्सनल हियरिंग’ हे वाक्य विसरू नका. पण खरं सांगायचं तर हे उत्तर मराठीतच द्या. आपली जमीन, आपला रस्ता, आपलं तळं यांबद्दल माणूस आपल्या भाषेत जास्त नेमकं बोलतो, आणि मराठी ही महाराष्ट्राची राजभाषाच आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची, हे मात्र दोन्ही भाषांत सारखंच.

राहिला तो कागद, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. खारघरमध्येच टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आहे, कर्करोगावरच्या उपचारांचं आणि संशोधनाचं केंद्र, २००२पासून इथे. भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती ४ जून २०२१ रोजी इथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात एका चाचणीचा भाग म्हणून पहिल्यांदा दिली गेली. अशी चाचणी कुठल्याही रुग्णालयात असो, रुग्णासमोर आधी एक माहितीपत्रक येतं. त्याची सुरुवात बहुधा अशी असते : ‘यू आर बीइंग इन्व्हायटेड टू टेक पार्ट इन अ रिसर्च स्टडी.’

हे वाक्य तोलूनमापून केलेलं आहे. ‘कॉर्डियली’ नाही, कारण आपुलकीचा दबाव आजारी माणसावर टाकायचा नसतो. ‘रिक्वेस्टेड’ नाही, कारण ज्या डॉक्टरच्या हाती आपला जीव आहे त्याने विनंती केली तर ती मोडवत नाही. ‘सिलेक्टेड’ तर नाहीच, कारण निवड झाली म्हटलं की माणसाला नशीब फळफळल्यासारखं वाटतं. आणि ‘पार्टिसिपेट’ऐवजी ‘टेक पार्ट’, म्हणजे कमी शिकलेल्यालाही कळावं. पाणिनीच्या सूत्रांवर लिहिणाऱ्या टीकाकारांनी हाच भेद संस्कृतात केला होता : मोडता येत नाही ते निमंत्रण, आणि स्वीकारणं न स्वीकारणं ज्याच्या त्याच्या इच्छेवर ते आमंत्रण. आजच्या मराठीत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आहेत, तरी संमतिपत्राच्या मराठी प्रतीत ‘आमंत्रण’च असावं, असं मला वाटतं.

या एका क्रियापदामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांत माणसांवर सक्तीने प्रयोग झाले. त्या प्रयोगांवरच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली आणि ऐच्छिक संमती तिचं पहिलं कलम झालं. १९६४मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा काढला. त्याच्या शीर्षकात आधी ‘सब्जेक्ट्स’ होतं, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग होतो ती माणसं. २०२४च्या सुधारणेत तिथे ‘पार्टिसिपंट्स’ आलं, भाग घेणारी माणसं. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं आणि नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे २०१९चे नियम आहेत. माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावी, भाग घेणं ऐच्छिक असावं आणि कधीही बाहेर पडता यावं, असं त्यांत स्पष्ट आहे.

असा कागद घरात कुणाच्या हाती आला तर घाई करू नका. सही आजच हवी असं कुणी म्हणालं, तरी घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागा. मराठी प्रत मागा. मग बसून या गोष्टी शोधा : अभ्यास कशासाठी आहे, माझ्यावर काय केलं जाईल, नेहमीच्या उपचारापेक्षा यात वेगळं काय, किती वेळा यावं लागेल, त्रास काय होऊ शकतो, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, आणि माझी माहिती कोण पाहणार. नीतिसमितीचा संपर्क त्या कागदावर असायला हवा, नसेल तर विचारा. उपचार आणि संशोधन यांतला फरकही समजून घ्या. उपचाराचा हेतू तुम्हाला बरं करणं हा असतो. चाचणीचा हेतू एखादं औषध काम करतं का, हे शोधणं. तुम्हाला फायदा होईलही, पण तसं वचन त्या कागदात नसतं. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवलं गेलं पाहिजे. सही झाल्यावर माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत तुमच्याकडे राहते, ती औषधांच्या फाइलमध्ये लावून ठेवा.

नाही म्हणायचं असेल तर तेही नीट म्हणता येतं, आणि ते शिकवावं लागतं, कारण मोठ्या डॉक्टरला नकार द्यायची आपल्याला सवय नसते. मराठीत : ‘डॉक्टर, विचारल्याबद्दल आभार. मला या अभ्यासात भाग घ्यायचा नाही. माझे नेहमीचे उपचार चालू ठेवा.’ इंग्रजीत : ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी. आय वुड प्रिफर नॉट टू टेक पार्ट. प्लीज कंटिन्यू माय रेग्युलर ट्रीटमेंट.’ मध्येच थांबायचं असेल तर ‘आय विश टू विद्ड्रॉ फ्रॉम द स्टडी.’ विद्ड्रॉनंतर ‘फ्रॉम’. थांबण्याआधी औषध एकदम बंद करणं सुरक्षित आहे ना, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. नकाराचं किंवा थांबण्याचं कारण द्यायलाच हवं असं नाही, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडता कामा नयेत.